श्रद्धा आणि प्रतिकार : बंदिवासातील तीन ग्रंथांचा विचार

१

धर्मश्रद्धा आणि राजकीय जुलूम यांच्या संबंधाविषयी साहित्यविचारात दोन मते रूढ झालेली आहेत. पहिल्या मताप्रमाणे श्रद्धा हे दुर्बळांचे सांत्वन होय. जुलमाने पोळलेल्या माणसाला ती परलोकाकडे पाहावयास शिकविते आणि त्यामुळे जुलमाचेच आयुष्य वाढते. दुसऱ्या मताप्रमाणे श्रद्धा ही स्वभावतःच बंडखोर असते. ज्याने ईश्वराला स्वामी मानले त्याला दुसऱ्या कोणाचे स्वामित्व मान्य होणे शक्य नाही. दोन्ही मतांना इतिहासात भरपूर दाखले सापडतात, आणि नेमके म्हणूनच दोन्ही अपुरी ठरतात. ज्या वेदीवर हुतात्म्यांसाठी दिवे लागले, त्याच वेदीवर जुलमी राजांच्या तलवारीही पवित्र करून घेण्यात आल्या. श्रद्धा आहे एवढ्यावरून प्रतिकार निष्पन्न होत नाही, आणि श्रद्धा आहे एवढ्यावरून शरणागतीही सिद्ध होत नाही. श्रद्धा कोणत्या रीतीने विचार करते, कोणाशी बोलते आणि आपल्या बोलण्याची कोणती किंमत मोजावयास तयार असते, यावर सारे अवलंबून असते.

या प्रश्नाची परीक्षा करावयाची तर ती तत्त्वचर्चेपेक्षा वाङ्मयातून करणे अधिक फलदायी ठरेल. कारण तत्त्व सर्वांचे सारखे असू शकते, पण शब्द ज्याचा त्यालाच घडवावा लागतो. त्यातही तुरुंगात निर्माण झालेले धर्मविषयक वाङ्मय या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. तुरुंगात माणसाची कृती संपलेली असते. सभा नाही, वृत्तपत्र नाही, अनुयायी नाहीत. श्रद्धेत प्रतिकाराचे बळ असलेच, तर ते तेथे केवळ शब्दाच्या रूपाने प्रकट होऊ शकते. आणि ती केवळ पळवाट असेल, तर तेही तेथेच उघडे पडते.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील असे तीन ग्रंथ शेजारी शेजारी ठेवून पाहण्याजोगे आहेत. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेले लोकमान्य टिळकांचे 'गीतारहस्य', धुळ्याच्या तुरुंगात बोललेली विनोबांची 'गीताप्रवचने', आणि बर्लिनच्या टेगेल येथील लष्करी तुरुंगातून डीट्रिख बॉनहोफर यांनी लिहिलेली पत्रे, जी त्यांच्या मृत्यूनंतर १९५१ साली 'प्रतिकार आणि शरणागती' अशा अर्थाच्या जर्मन नावाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. पहिल्या दोन ग्रंथांचा आधार एकच आहे. तिसऱ्याचा धर्म निराळा, देश निराळा, आणि ज्या सत्तेशी गाठ होती तिची जातही निराळी. तथापि पहिला ग्रंथ निबंध आहे, दुसरा प्रवचन आहे आणि तिसरा पत्र आहे, हा भेदही तितकाच महत्त्वाचा आहे. रूप हे येथे बाह्य वेष्टन नसून श्रद्धेच्या प्रकृतीचेच लक्षण आहे, हे दाखविता येण्यासारखे आहे.

२

मुझफ्फरपूर येथील बाँबच्या प्रकरणानंतर 'केसरी'त आलेल्या लेखांवरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. नऊ जणांच्या ज्यूरीने सात विरुद्ध दोन अशा मतांनी त्यांना दोषी ठरविले आणि २२ जुलै १९०८ रोजी त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. शिक्षेपूर्वी टिळकांनी न्यायासनासमोर केलेले छोटे निवेदन प्रसिद्ध आहे. ज्यूरीचा निर्णय काहीही असो, माणसांच्या व राष्ट्रांच्या भवितव्यावर अधिक श्रेष्ठ शक्तींची सत्ता चालते, असा त्याचा आशय होता. राजसत्तेच्या वर आणखी एक न्यायपीठ आहे हे त्या निवेदनाचे गृहीत होते. पुढे १९१०-११ च्या हिवाळ्यात, सुमारे पाच महिन्यांत, शिसपेन्सिलीने लिहिलेल्या 'गीतारहस्या'त या गृहीताचीच सविस्तर उपपत्ती मांडलेली आहे असे म्हणावयास हरकत नाही.

वरवर पाहणाऱ्याला मात्र या ग्रंथात प्रतिकाराचा मागमूसही दिसणार नाही. पंधरा प्रकरणे, बहिरंगपरीक्षण आणि त्यानंतर मूळ श्लोकांचे भाषांतर व टीपा, असा त्याचा विस्तार आहे. चालू राजकारणाचा वाद त्यात नाही. तो असता तर हस्तलिखित तुरुंगाबाहेर येतेच ना. वाद आहे तो संन्यासमार्गीय भाष्यकारांशी, आणि मिल, स्पेन्सर, कांट, ग्रीन यांच्यासारख्या पाश्चात्य नीतिशास्त्रज्ञांशी. ज्ञान झाल्यावरही कर्म सोडू नये, लोकसंग्रहासाठी ते करीतच राहावे, हा गीतेचा मुख्य सिद्धांत होय, एवढेच ग्रंथकाराला सिद्ध करावयाचे आहे. परंतु पारतंत्र्यातील समाजापुढे हा सिद्धांत मांडणे म्हणजे काय, याचा विचार करता त्याचे राजकीय स्वरूप लपून राहत नाही. परकी सत्तेला आपल्या प्रजेचा संन्यास नेहमीच सोयीचा असतो. जगाला मिथ्या मानणारा माणूस करही देतो आणि कायदाही पाळतो. शतकानुशतके ज्या ग्रंथाच्या आधारे निवृत्तीचा उपदेश झाला, त्याच ग्रंथातून प्रवृत्ती सिद्ध करणे, म्हणजे प्रजेला आज्ञाधारक ठेवणारे आधारच काढून घेणे होते.

दुसऱ्या, 'कर्मजिज्ञासा' या प्रकरणात टिळक अर्जुनाच्या संभ्रमाचे स्वरूप विशद करताना शेक्सपिअरच्या हॅम्लेटकडे आणि कोरिओलेनसकडे वळतात, ही गोष्ट वाङ्मयीन दृष्ट्या मार्मिक आहे. नीतीची दोन वचने एकमेकांविरुद्ध उभी राहिली म्हणजे सज्जन माणसाचेच हात गळतात. दुर्जनाला असा पेच कधी पडतच नाही. हा पेच भारतीय किंवा हिंदू नसून मानवी आहे, असे सुचवून टिळक आपल्या श्रद्धाग्रंथाला संप्रदायाच्या बाहेर आणतात. 'गीतारहस्य' हा भक्ताचा ग्रंथ नसून वकिलाचा ग्रंथ आहे, असा आक्षेप घेतला जातो. तो आक्षेप वस्तुतः ग्रंथाचा गौरवच म्हटला पाहिजे. ज्याला एका न्यायालयाने बोलू देऊनही ऐकले नाही, त्याने दुसऱ्या, अधिक विस्तृत न्यायालयापुढे आपली बाजू साधार मांडली आहे. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी पूर्णपणे देऊन मगच त्याचे खंडन करण्याची जी शास्त्रीय शिस्त या ग्रंथात आढळते, ती राजद्रोहाच्या खटल्यात कोणी पाळली नव्हती.

तथापि या उपपत्तीत एक सांधा कच्चा राहिला आहे. बाराव्या, 'सिद्धावस्था व व्यवहार' या प्रकरणात अपूर्ण समाजातील पूर्ण पुरुषाच्या वर्तनाचा विचार आहे. ज्याची बुद्धी सम आणि शुद्ध झाली, त्याने दुष्टांशी जशास तसे वागूनही त्याला पाप लागत नाही, असा तेथील विचाराचा रोख आहे. १९२० च्या जानेवारीत 'यंग इंडिया'च्या पृष्ठांवर टिळक आणि गांधी यांच्यात जो अल्पसा पण मूलगामी पत्रव्यवहार झाला, तो याच मुद्द्याभोवती फिरला. राजकारण हा साधूंचा खेळ नव्हे, असे टिळकांचे म्हणणे. गांधींना ते मान्य नव्हते. परंतु या वादापलीकडे आणखी एक प्रश्न शिल्लक राहतो. बुद्धी शुद्ध झाली आहे की नाही, हे ठरवावयाचे कोणी? कर्त्यानेच ते ठरवावयाचे असेल, तर अहंकारालाही शुद्ध बुद्धीचे नाव सहज मिळू शकेल. 'गीतारहस्य' हा प्रश्न टाळीत नाही, पण त्याचे उत्तर सिद्धपुरुषाच्या कल्पनेवर सोपवून पुढे जाते.

३

'गीताप्रवचने' हा ग्रंथ या प्रश्नाला निराळ्या वाटेने सामोरा जातो. सविनय कायदेभंगाच्या पर्वात विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळातील अठरा रविवारी त्यांनी गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचने केली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. टिळक मंडाले येथे ग्रंथांच्या संगतीत पण माणसांवाचून होते. विनोबांच्या भोवती राजबंद्यांचा मेळा होता. टिळकांचा वाचक भावी काळातला होता. विनोबांचा श्रोता समोर बसलेला होता, आणि तोही बोलणाऱ्याइतकाच बंदिवान होता. या परिस्थितीचा ठसा ग्रंथाच्या प्रत्येक पानावर आहे. पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष यांची मांडणी येथे नाही. घर, शेत, चूल, चरखा, आई आणि मूल यांच्याकडून घेतलेले दृष्टांत आहेत, आणि ज्ञानेश्वर, एकनाथ, तुकाराम यांची सहज आठवण आहे. गीतेशी आपले नाते तर्काच्या पलीकडचे आहे, हे विनोबा आरंभीच सांगून टाकतात.

म्हणून येथे प्रतिकार नाही असे मात्र नव्हे. पहिल्याच प्रवचनातील न्यायाधीशाचा दृष्टांत या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. शेकडो गुन्हेगारांना फाशी देणारा न्यायाधीश स्वतःचा मुलगा आरोपी म्हणून समोर उभा राहताच फाशीच्या शिक्षेतील अमानुषतेविषयी बोलू लागतो. अर्जुनाचे युद्धविरोधी बोलणे तसलेच आहे, ती अहिंसा नव्हे, तो स्वजनांचा मोह आहे. ज्यांना न्यायाधीशांनीच तुरुंगात पाठविले होते अशा श्रोत्यांपुढे हा दृष्टांत आला आहे, हे लक्षात घेतले म्हणजे त्याची धार कळते. परंतु विनोबांनी ती धार सरकारकडे वळविली नाही, श्रोत्यांकडेच वळविली. आपण सत्याग्रह करतो तो तत्त्वासाठी की आपल्या माणसांसाठी, हा प्रश्न त्यांनी राजबंद्यांपुढे ठेवला. बाहेरचे कर्म आणि त्याला आतून जोडलेले चित्त, ज्याला विनोबा विकर्म म्हणतात, यांचा मेळ जमला म्हणजे कर्माचे ओझे वाटेनासे होते, हा त्यांचा सिद्धांत याच प्रश्नाचे उत्तर आहे. बुद्धीची शुद्धी येथे सिद्धपुरुषाची मिरास राहत नाही. ती रोजच्या कामात, दळण्यात आणि सूत कातण्यात, पुनःपुन्हा तपासून घ्यावयाची वस्तू होते.

येथे राजसत्तेच्या एका मूलभूत साधनाचा पराभव होतो. कैद्याचा काळ हिरावून घेणे हे तुरुंगाचे प्रयोजन. ज्या आठवड्याला रविवारचे प्रवचन आहे, तो आठवडा तुरुंगाधिकाऱ्याचा राहत नाही. सक्तीने करावे लागणारे काम साधना म्हणून स्वीकारले की त्यातील सक्ती नाहीशी होते. साने गुरुजींनी पुढच्याच वर्षी, १९३३ साली, नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहून काढले. धुळ्याचे रविवार ज्याने टिपून घेतले, त्याच हाताने हे घरगुती पुराण लिहिले, हा केवळ योगायोग म्हणता येणार नाही.

तथापि प्रवचनाच्या या प्रकृतीतच त्याची मर्यादाही आहे. सारे युद्ध अंतःकरणात नेल्यावर बाहेरचा शत्रू धूसर होऊ लागतो. धुळ्यातील श्रोते सत्याग्रह करूनच आत आले होते, म्हणून त्यांच्यापुरता हा धोका नव्हता. त्यांचा बाह्य प्रतिकार घडून गेलेला होता. पण तीच प्रवचने ज्याने काहीच केले नाही अशा वाचकाच्या हाती पडली, तर न केलेल्या कर्माचेही समाधान त्याला त्यातून मिळू शकेल. ग्रंथ एकच असतो. ऐकणारा कोठून आला आहे यावर त्याचा अर्थ पालटतो.

४

बॉनहोफर यांच्या पत्रांकडे वळताना प्रथम एक दुवा ध्यानात घ्यावयास हवा. १९३४ साली लंडन येथे धर्मोपदेशक असताना या तरुण जर्मन ईश्वरशास्त्रज्ञाने हिंदुस्थानात येऊन गांधीजींच्या आश्रमात राहण्याची इच्छा कळविली होती, आणि १ नोव्हेंबर १९३४ च्या पत्राने गांधीजींनी तिला संमतीही दिली होती. सामुदायिक प्रार्थनामय जीवनातून अहिंसक प्रतिकार कसा उभा राहतो, हे त्यांना प्रत्यक्ष पाहावयाचे होते. ती भेट घडली नाही; १९३५ साली प्रतिकारी चर्चच्या नव्या उपदेशकांना शिक्षण देण्यासाठी ते जर्मनीला परतले. पुढे ज्याने शांतिवादाचा पुरस्कार केला होता, तोच माणूस हिटलरचा वध करू पाहणाऱ्या कटात सामील झाला. ५ एप्रिल १९४३ रोजी त्यांना अटक झाली आणि ९ एप्रिल १९४५ रोजी, युद्ध संपावयास महिनाही उरला नसता, फ्लॉसेनबुर्ग येथील छळछावणीत त्यांना फाशी देण्यात आले. त्या वेळी त्यांचे वय एकोणचाळीस वर्षांचे होते.

टिळक आणि विनोबा यांच्यापुढे परकी सत्ता होती. बॉनहोफर यांच्यापुढील सत्ता स्वदेशी होती, आणि तिला त्यांच्याच धर्मपंथातील बहुसंख्यांचा आशीर्वाद होता. राजसत्ता ही ईश्वराने नेमलेली असल्याने तिच्या अधीन असावे, हे रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायातील पौलाचे शिकवणे लूथरपंथीय परंपरेत शतकानुशतके घोकले गेले होते. १९३३ मध्ये ज्यू वंशाच्या धर्मोपदेशकांना वगळण्याचा नियम चर्चमध्येच शिरू लागला, तेव्हा श्रद्धेला पहिला लढा राज्याशी नव्हे तर आपल्या वेदीशीच द्यावा लागला. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये लिहिलेल्या एका निबंधात बॉनहोफर यांनी चर्चची तीन कर्तव्ये सांगितली : राज्याला त्याच्या कृत्याचा जाब विचारणे, राज्याने पायदळी तुडविलेल्यांची, मग ते ख्रिस्ती असोत वा नसोत, सेवा करणे, आणि प्रसंग पडल्यास ते चाकच अडविणे.

तुरुंगातील पत्रांत मात्र ही घोषणांची भाषा नाही. आईवडिलांना जाणारी पत्रे तपासनिसाच्या नजरेखालून जात; मित्र एबरहार्ड बेथगे यांना लिहिलेली पत्रे नोव्हेंबर १९४३ पासून चोरून बाहेर पाठविली गेली, आणि त्यांतील अखेरची काही बेथगे यांना स्वतःच्या अटकेच्या वेळी नष्ट करावी लागली. म्हणजे हा ग्रंथ पूर्ण नाही, आणि तो ग्रंथ व्हावा असा त्याच्या कर्त्याचा हेतूही नव्हता. त्याचे सौंदर्य या अपूर्णतेतच आहे. बाँबवर्षावाची रात्र, एखादे वाचलेले पुस्तक, संगीताची आठवण, वाग्दत्त वधूविषयीची काळजी, आणि मध्येच ईश्वरशास्त्रातील एखादा मूलगामी विचार, अशी त्यांची वीण आहे.

२१ फेब्रुवारी १९४४ च्या पत्रात या ग्रंथाचे नाव दडलेले आहे. दैवाला विरोध कोठवर करावा आणि त्याच्यापुढे मान कोठे तुकवावी, या दोहोंची सीमारेषा कोणती, असा प्रश्न बॉनहोफर तेथे उपस्थित करतात आणि त्यासाठी वाङ्मयातील पात्रांकडे वळतात. विरोध अर्थशून्यतेपर्यंत ताणणारा डॉन किहोटे. न्यायाचा आग्रह धरता धरता स्वतःच अपराधी बनणारा, क्लाइस्टच्या कथेतील मिखाएल कोलहास. आणि जे आहे त्याच्याशी चतुराईने जमवून घेणारा सांचो पान्झा. टिळकांना हॅम्लेट आठवला, बॉनहोफर यांना किहोटे. दोघांच्याही श्रद्धेला कल्पित वाङ्मयाचे साक्षीपुरावे लागले, याचा अर्थ असा की धर्मवचन हाती असूनही वचनाने पेच सुटत नाही, याची जाण दोघांनाही होती. फरक एवढाच की टिळक पेच सोडवून दाखवितात. बॉनहोफर तो सोडवीत नाहीत. सीमारेषा तत्त्वाने आखता येत नाही, ती प्रत्येक प्रसंगी श्रद्धेनेच शोधावी लागते, एवढ्यावर ते थांबतात.

१९४४ च्या वसंतापासूनच्या पत्रांत धर्माच्या संस्थाबद्ध रूपावाचून ख्रिस्ती जीवन कसे असेल, हा विचार येतो. ज्ञान अपुरे पडले, बळ संपले, मृत्यू जवळ आला की ज्याला हाक मारावयाची, असा ईश्वर त्यांना नको आहे. माणसाच्या दुबळेपणाच्या फटी बुजविण्यासाठी नव्हे, तर त्याच्या भर सामर्थ्यात आणि भर जीवनात ईश्वर भेटला पाहिजे, असा त्यांचा आग्रह आहे. श्रद्धा हे दुर्बळांचे सांत्वन होय, या आक्षेपाला यापेक्षा समर्पक उत्तर क्वचितच दिले गेले असेल. कारण ते ज्याला सांत्वनाची सर्वांत अधिक गरज होती अशा माणसाने दिले आहे.

५

या तीन ग्रंथांतील खरा भेद पापाच्या कल्पनेपाशी स्पष्ट होतो. जुलमाचा प्रतिकार करताना हातून जे घडते, ज्यात प्रसंगी खोटेपणा, फसवणूक आणि मनुष्यवधही येतो, त्याचे ओझे कोणी वाहावयाचे? टिळकांच्या मांडणीत निष्काम आणि समबुद्धीने केलेल्या कर्माचे बंधन कर्त्याला नाही. विनोबांच्या मांडणीत चित्त शुद्ध होत गेले की कर्मच अकर्म होते. बॉनहोफर यांची भूमिका, जी त्यांच्या मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या नीतिविषयक ग्रंथातही आढळते, याहून वेगळी आहे. जबाबदार माणूस अपराध टाळू शकत नाही. त्याने तो पत्करला पाहिजे आणि त्याचे समर्थन करू नये. जुलमी सत्ताधीशाचा वध कदाचित कर्तव्य असेल, पण म्हणून तो पुण्य ठरत नाही. कर्त्याने निर्दोषत्वाचा दावा सोडून, क्षमेची आशा धरून कृती करावयाची असते.

हा भेद केवळ शास्त्रीय नाही. गांधीजींचा मारेकरी १५ नोव्हेंबर १९४९ रोजी फासाकडे गेला तो गीता हाती घेऊनच. ज्या ग्रंथाच्या आधारे टिळकांनी कर्मयोग सांगितला, गांधींनी अनासक्ती सांगितली आणि विनोबांनी साम्य सांगितले, त्याच ग्रंथाच्या छायेत निःशस्त्र वृद्धाचा खूनही निष्काम कर्म म्हणून मिरविला जाऊ शकतो. याची जबाबदारी टिळकांवर टाकणे हा अन्याय होईल. मंडालेच्या ग्रंथातील लोकसंग्रहाची कल्पना अशा कृत्याला कोठेही आधार देत नाही. परंतु बुद्धीच्या शुद्धीची साक्ष कर्त्याकडेच ठेवली, तर ग्रंथाला अशा हातांपासून स्वतःचे रक्षण करता येत नाही, हेही नाकारता येणार नाही. येथे बॉनहोफर यांच्या विचाराचे महत्त्व कळते. कृती करूनही आपण निर्दोष आहोत असे ज्याला म्हणता येत नाही, त्याची श्रद्धा जुलमाविरुद्ध उभी राहते, पण स्वतः जुलूम होण्यापासूनही काहीशी वाचते.

याउलट, भारतीय परंपरेकडूनही या विचाराला काही घेण्यासारखे आहे. अपराध पत्करण्याचे सामर्थ्य थोड्यांनाच असते. बॉनहोफर यांच्या प्रतिकाराला एकाकीपणाची जी छटा आहे, ती त्यातूनच आलेली आहे. कट हा मूठभरांचाच असतो. विनोबांचे प्रवचन मात्र शेकडो सामान्य माणसांना पेलणारे आहे. तेथे वीराची गरज नाही; सातत्याची आहे. गांधीजींच्या आश्रमात बॉनहोफर यांना जे पाहावयाचे होते, ते बहुधा हेच असावे.

६

तथापि या तिन्ही ग्रंथांच्या कक्षेबाहेर जो माणूस राहतो, त्याचा विचार केल्यावाचून हे विवेचन प्रामाणिक ठरणार नाही. मे १९३४ मध्ये बार्मेन येथे प्रतिकारी चर्चने केलेली घोषणा धैर्याची होती. चर्चवर राज्याचे प्रभुत्व चालणार नाही, असे तिने निक्षून सांगितले. परंतु ज्यूंच्या छळाचा त्या घोषणेत उल्लेखही नाही. श्रद्धा आपल्या स्वातंत्र्यासाठी उभी राहिली, शेजाऱ्याच्या प्राणासाठी नाही. हीच उणीव दुसऱ्या रूपाने भारतातही होती. परकी सत्तेविरुद्ध गीता हाती घेणाऱ्या समाजाने आपल्या देवळांचे दरवाजे आपल्यातीलच माणसांना बंद ठेवले होते. २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा ज्यांच्या श्रद्धेला अडविण्यात आले, ते अडविणाऱ्यांच्याच धर्माचे होते.

साने गुरुजींनी या उणिवेची जाणीव मनाला लावून घेतली. १ ते १० मे १९४७ या काळात पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून त्यांनी उपवास केला आणि मंदिराचे दार उघडले. स्वातंत्र्य तीन महिन्यांवर आले असता हा उपवास झाला, याला अर्थ आहे. धुळ्याच्या तुरुंगात ऐकलेल्या प्रवचनांची धार त्यांनी अखेर जेथे वळवावयास हवी होती तेथे वळविली.

डॉ. आंबेडकरांनी याहून कठोर निर्णय घेतला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास त्यांनी धर्मत्यागाचा निश्चय जाहीर केला. गीतेवरील त्यांचे विवेचन त्यांच्या अपूर्ण लेखनात सापडते, ते १९८७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. गीतेतील कर्म म्हणजे मीमांसकांचे कर्मकांड होय, टिळकांनी त्याला दिलेला सामान्य कर्माचा अर्थ टिकणारा नाही, आणि चातुर्वर्ण्याला तत्त्वज्ञानाचा आधार देणे हेच त्या ग्रंथाचे कार्य होते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. हा निष्कर्ष सर्वांशाने स्वीकारला नाही तरी त्यामागील प्रश्न टाळता येत नाही. ज्याला धर्मग्रंथानेच बंदिवासात ठेवले, त्याला त्या ग्रंथाचे नवे भाष्य कितपत मुक्त करील? परंतु येथेच एक गोष्ट लक्षणीय आहे. आंबेडकरांनी श्रद्धेला निरोप दिला नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास त्यांनी लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली, आणि अखेरच्या वर्षांतील श्रम 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथावर खर्च केले. जुलूम जेव्हा धर्माच्याच रूपाने येतो, तेव्हाही त्याच्या प्रतिकारासाठी त्यांना धर्माचीच आवश्यकता वाटली. मात्र तो धर्म विवेकाला जाब देणारा असला पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता.

या सर्व विवेचनातून श्रद्धेच्या प्रतिकारशक्तीचे एक गमक हाती लागते. ती कोणत्या ग्रंथावर उभी आहे, यावरून ते ठरत नाही. ती उत्तराला किती वाव देते, यावरून ठरते. टिळकांचा निबंध प्रतिपक्षाला खंडनाचे सर्व साहित्य पुरवितो, आणि आंबेडकरांचे खंडन त्यामुळेच शक्य झाले. विनोबांचे प्रवचन श्रोत्याच्या जीवनात पडताळून घ्यावयाचे असते. बॉनहोफर यांचे पत्र तर उत्तराची वाट पाहण्यासाठीच लिहिलेले असते, आणि बेथगे यांच्या शंकांनी त्यातील विचार पुढे सरकतो. जुलमी सत्तेची भाषा याच्या नेमकी उलट असते. तिचा शब्द हुकमाचा असतो आणि हुकमाला उत्तर नसते. जी श्रद्धा स्वतःच हुकमाची भाषा बोलू लागते, ती राज्याविरुद्ध कितीही शौर्याने लढली तरी उद्याचे राज्य होण्याची तयारीच करीत असते. मंडाले, धुळे आणि टेगेल येथील तीन बंदिवानांनी श्रद्धेला विचारणाऱ्याच्या समोर आणून बसविले. या ग्रंथांचे आजचे वाचन त्याच बैठकीत व्हावयास हवे.